कॅन्सर आणि अंगातले राखणदार : डॉ. जेम्स अॅलिसन यांचे संशोधन

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर दर अंकात मी बेणेमळा, खोडवा, ठिबक नाहीतर हुमणी असले विषय घेऊन आपल्यापुढे येतो. या खेपेला विषय निराळा आहे. कारण असे घडले की, गेल्या महिन्यात गटसभा आटोपून चहा चालला असताना एका सभासदांनी विचारले, "साहेब, आपल्या अण्णांना ते कसलं इंजेक्शन चालू आहे म्हणे? कॅन्सरला मारत नाही, अंगातल्या ताकदीला जागं करतं म्हणतात. खरं का थाप?"

अण्णा म्हणजे आमच्या गटातले जुने चिटबॉय. ऊसनोंदीला बांधावर आले नाहीत असा सभासद कार्यक्षेत्रात सापडायचा नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गालाच्या आत गाठ आली. ऑपरेशन झाले, शेक झाले, पण वर्षभरात दुखणे पुन्हा उलटले. त्यांना विचारूनच हे लिहितो आहे. सभासदांच्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. डिप्लोमाला आम्हाला उसाची कीड शिकवली, माणसाची नाही. मग मिळेल ते वाचले, दोन डॉक्टरांना विचारले, आणि हे संशोधन ज्यांच्यापासून सुरू झाले त्या माणसाची हकिगत आपल्याला सांगावी असे ठरवले.

आधी आपल्याच शिवारातली एक गोष्ट आठवू या. २००२ सालच्या पावसाळ्यात पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला. मी त्या वेळी नुकताच शेतमदतनीस म्हणून लागलो होतो. पानाच्या खालच्या अंगाला कापूस पिंजून चिकटवावा तसा मावा, वरच्या अंगाला काजळी. लोक हवालदिल झाले. फवारे सुरू झाले, पण बारा फुटी आडसालीत पंप घेऊन शिरणार कोण? शिवाय फवाऱ्याने मावा मरायचा तसे माव्याला खाणारे किडेही मरायचे. पुढे डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक वाढवून सोडले, फवारे आवरते घेतले, तेव्हा कुठे मावा आटोक्यात आला. आपल्या माणसांनी मावा मारला नाही. मावा मारणाऱ्याला त्यांनी काम करू दिले.

कॅन्सरचे आजवरचे उपचारही असेच बघा. ऑपरेशन म्हणजे काणीचे बेट मुळासकट उपटून काढणे. शेक देणे म्हणजे जागेवर जाळणे. केमो म्हणजे फवारणी, त्यात वाईटाबरोबर चांगलेही होरपळते, म्हणून केस जातात, तोंड येते, रक्त उतरते. या तिन्ही उपायांनी असंख्य माणसे वाचली आहेत, आजही वाचतात, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा असा की, या तिन्हींत बाहेरचा माणूस रोगाला मारतो. आपल्या अंगात मात्र जन्मापासून राखणदार असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी 'टी पेशी' नावाची एक जात आहे. ती अंगभर फिरून परकी वा बिघडलेली पेशी हुडकते आणि ठार करते. मग राखणदार असताना कॅन्सर वाढतोच कसा? हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका माणसाने जन्मभर उराशी धरला.

जेम्स अॅलिसन यांचा जन्म ७ ऑगस्ट १९४८ रोजी टेक्सास राज्यातल्या अॅलिस नावाच्या लहानशा गावी झाला. वडील गावातलेच डॉक्टर. जेम्स अकरा वर्षांचा असताना आई गेली, लसिका ग्रंथींच्या कॅन्सरने. शेकांमुळे आईच्या अंगावर पडलेले भाजल्याचे डाग त्याने पाहिले होते, पण आजाराचे नाव घरात कोणी त्याला सांगितले नव्हते. (आपल्याकडे तरी काय निराळे आहे? 'तो आजार', 'मोठं दुखणं' असेच म्हणतो आपण.) पुढे दोन मामाही कॅन्सरनेच गेले.

पोरगा हट्टी. शाळेतल्या जीवशास्त्राच्या तासाला डार्विनचे नाव घेत नाहीत म्हणून त्या तासाला बसायलाच तो तयार होईना. शेवटी टपालाने अभ्यासक्रम मागवून तो विषय पुरा केला. आस्टिनच्या विद्यापीठातून १९६९ साली पदवी आणि १९७३ साली डॉक्टरेट. डॉक्टरेटचे काम एका एन्झाइमवर होते. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींना लागणारे खाद्य हे एन्झाइम तोडून टाकते. उंदरांना ते टोचले की त्यांचे दुखणे बरे होई.

आता इथे एक बारीकशी गोष्ट आहे. प्रयोग संपला, बरे झालेले उंदीर पिंजऱ्यात नुसते बसून होते. अॅलिसन यांनी सहज कुतूहलाने त्याच उंदरांना पुन्हा कॅन्सरच्या पेशी टोचल्या, औषध मात्र दिले नाही. पण कॅन्सर धरलाच नाही! अंगाने पहिली ओळख लक्षात ठेवली होती. कोणी सांगितले नव्हते, अहवालात भरायचे नव्हते, तरी केलेला हा उद्योग. आमच्या प्रात्यक्षिक प्लॉटवरसुद्धा कधी कधी खरी गोष्ट ठरलेल्या नोंदी संपल्यावर कळते, हा माझा अनुभव आहे. असो.

त्यानंतर टी पेशी हाच त्यांचा ध्यास झाला. १९७७ साली ते टेक्सासातल्याच स्मिथव्हिल नावाच्या आडगावच्या प्रयोगशाळेत गेले. टी पेशी शत्रूला ओळखते कशी, तिचे ओळखणारे टोक कोणते, याच्यामागे जगातल्या नामांकित प्रयोगशाळा लागल्या होत्या. १९८२ साली अॅलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या टोकाचे प्रथिन दाखवून दिले. आडगावचा माणूस पुढे गेला म्हणून भल्याभल्यांच्या भुवया वर गेल्या. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले.

टी पेशीचे काम ट्रॅक्टरवरून चटकन ध्यानात येते. ते ओळखणारे टोक म्हणजे ट्रॅक्टरची किल्ली. पण नुसती किल्ली फिरवून ट्रॅक्टर पळत नाही, अॅक्सिलरेटर दाबावा लागतो. तो अॅक्सिलरेटर म्हणजे 'सीडी-२८' नावाचे प्रथिन, हे अॅलिसन यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली दाखवले. त्याच्यासारखेच दिसणारे दुसरे एक प्रथिन १९८७ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांना सापडलेले होते. त्याचे नाव 'सीटीएलए-४'. काहींना वाटले हाही अॅक्सिलरेटरच. अॅलिसन व त्यांचा विद्यार्थी मॅक्स क्रुमेल यांचे म्हणणे पडले उलटे, की हा ब्रेक आहे. डॉ. जेफ्री ब्लूस्टोन हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. १९९५ साली ते पक्के झाले. हे प्रथिन जन्मतःच नसलेले उंदीर तयार केले, तर ते तीन-चार आठवड्यांत मेले. राखणदार मोकाट सुटले आणि धन्याचेच घर खाऊन बसले. म्हणजे ब्रेक उगाच नाही, निसर्गाने तो विचार करून बसवलेला आहे.

एवढे कळल्यावर बाकीचे शास्त्रज्ञ विचार करू लागले की हा ब्रेक आणखी दाबून संधिवातासारखे आजार आवरता येतील का. अॅलिसन यांनी मात्र उलटे विचारले. कॅन्सरसमोर उभा असलेला राखणदार ब्रेक लागल्यामुळे तर थांबला नाही? मग तो ब्रेक थोडा वेळ सोडला तर?

ब्रेक सोडायचा कसा? इथे प्रतिपिंड येते. प्रतिपिंड म्हणजे आपल्या रक्तातले इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे प्रथिन. ते ठरलेल्या एकाच जागी जाऊन चिकटते, दुसरीकडे नाही. केंब्रिज येथे कोलर आणि मिल्श्टाइन या दोघांनी १९७५ साली एकाच पेशीच्या वंशातून हवे ते प्रतिपिंड पाहिजे तेवढे काढण्याची रीत शोधली. त्यासाठी १९८४ साली त्यांना नोबेल मिळाले. ऊसवाल्याला ही रीत समजावून सांगायला नको. एका डोळ्यापासून कांडी, कांडीपासून मळा, मळ्यापासून गाव, आणि सगळ्या गावात को ८६०३२ तोच, तसूभर फरक नाही. औषधाच्या नावाच्या शेवटी 'मॅब' आले की समजावे, हे असल्याच एकवंशी बेण्याचे प्रतिपिंड. तर अॅलिसन यांनी ठरवले की ब्रेकच्या पेडलावर जाऊन चिकटेल असे प्रतिपिंड टोचायचे, म्हणजे पेडल दाबलेच जाणार नाही.

१९९४ सालच्या अखेरीस त्यांचे सहकारी डाना लीच यांनी कॅन्सर झालेल्या उंदरांना ते प्रतिपिंड टोचले. गाठी विरघळल्या. अॅलिसन यांचाच विश्वास बसेना. नाताळची सुट्टी तोंडावर, लीच सुट्टीला निघालेले. अॅलिसन म्हणाले, प्रयोग पुन्हा मांडून जा, मोजमाप मी घेतो, पण कोणत्या पिंजऱ्याला औषध दिले ते मला सांगू नका. पिंजऱ्यांवर नुसत्या खुणा. सुट्टीत एकटे बसून ते गाठी मोजू लागले. पहिले काही दिवस सगळ्याच पिंजऱ्यांत गाठी वाढतच गेल्या. माणूस निराश झाला. आणि मग काही पिंजऱ्यांतल्या गाठी वाढायच्या थांबल्या, आकसू लागल्या आणि नाहीशा झाल्या. खुणा उलगडून पाहिल्या तर ते औषधाचेच पिंजरे निघाले. १९९६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

आपल्याला वाटेल, आता कंपन्या पायघड्या घालतील. तसे झाले नाही. अॅलिसन यांनी दोन वर्षे कंपन्यांचे उंबरे झिजवले. अंगची ताकद वाढवून कॅन्सर बरा करण्याच्या गोष्टी आधी अनेकदा फसल्या होत्या. उंदीर बरे करणे सोपे, माणूस अवघड, हेच उत्तर मिळे. शेवटी मेडारेक्स नावाच्या लहान कंपनीने हात दिला. त्यांच्याकडे माणसाच्या प्रतिपिंडाची जनुके घातलेले उंदीर होते. त्यामुळे औषध निघाले उंदरात, पण घडण माणसाची. त्याचे नाव 'इपिलिमुमॅब'.

माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा पिंजऱ्यातला तोच प्रकार पुन्हा झाला. पहिल्या महिन्यांत काहींच्या गाठी फोटोत वाढलेल्या दिसत, नंतर उतरत. नेहमीच्या नियमाने गाठ वाढली की औषध नापास. दुसऱ्या एका कंपनीने असेच एक औषध २००८ साली मध्येच थांबवले. इपिलिमुमॅबच्या बाबतीत मात्र ठरले की गाठीची लांबी-रुंदी बाजूला ठेवू, माणूस जगतो किती ते मोजू. २०१० साली निकाल आला. मेलॅनोमा हा कातडीचा फार जहाल कॅन्सर. त्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या ६७६ रोग्यांवर चाचणी झाली. औषध न मिळालेले निम्मे रोगी ६.४ महिन्यांत गेले, औषध व लस मिळालेल्यांत हा आकडा १०.० महिने आला. साडेतीन-चार महिन्यांसाठी एवढा खटाटोप, असे मलाही प्रथम वाटले. पण खरी गोष्ट पुढेच आहे. नंतर शेकडो रोग्यांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा दिसले की सुमारे पाचवा हिस्सा रोगी तीन वर्षांनी जिवंत होते, आणि तिथून पुढे दहा वर्षांपर्यंत ती संख्या फारशी घटलीच नाही. ज्याला लागू पडले त्याला टिकाऊ लागू पडले. २५ मार्च २०११ रोजी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

त्याआधीची एक हकिगत. न्यूयॉर्कच्या रुग्णालयात बावीस वर्षांची एक मुलगी होती. मेलॅनोमा फुप्फुसापर्यंत आणि मेंदूपर्यंत गेलेला, सगळे उपाय थकलेले. तिला चाचणीत हे औषध मिळाले. अॅलिसन तेव्हा त्याच संस्थेत काम करीत होते. २००६ साली एके दिवशी तिच्या डॉक्टरांनी त्यांना खाली बोलावून घेतले. तिच्या तपासणीत रोग दिसत नव्हता. तिने त्यांना मिठी मारली आणि या गृहस्थांना रडू आवरेना. उभा जन्म उंदरांत गेलेल्या माणसाला आपल्या औषधाने बरे झालेले माणूस पहिल्यांदा भेटत होते. पुढे तिचा संसार झाला, मुले झाली.

उजेडाबरोबर अंधारही सांगितला पाहिजे. ब्रेक सोडल्यावर राखणदार कधी कधी आतड्यावर, यकृतावर, थायरॉइडवर, कातडीवर उठतात. वर सांगितलेल्या चाचणीत १४ माणसे औषधाच्याच परिणामाने दगावली. आणि किंमत? २०११ साली अमेरिकेत चार डोसांच्या पूर्ण उपचाराला सुमारे १ लाख २० हजार डॉलर. आपल्या सभासदाने सगळी जमीन विकली तरी पुरायची नाही.

ब्रेक एकच नाही हेही कळून चुकले. जपानात क्योटो येथे डॉ. तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली 'पीडी-१' नावाचे आणखी एक प्रथिन शोधले होते. तो दुसरा ब्रेक निघाला. त्यावरचे प्रतिपिंड 'निव्होलुमॅब'. हे जास्त प्रकारच्या कॅन्सरवर चालते आणि त्रास तुलनेने कमी देते. १ ऑक्टोबर २०१८ रोजी अॅलिसन आणि होंजो या दोघांना मिळून वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. अॅलिसन यांना पहाटे बातमी दिली ती त्यांच्या मुलाने, फोन करून. हे गृहस्थ माउथ ऑर्गन उत्तम वाजवतात आणि कॅन्सरच्या शास्त्रज्ञांनी मिळून काढलेल्या वाद्यवृंदात असतात, हेही जाता जाता सांगतो.

आता आपल्या घरचा भाग. आपल्याकडे मेलॅनोमा क्वचित. आपला कॅन्सर तोंडाचा, आणि तो आपण खिशात पुडी ठेवून स्वतः वागवतो. तोंडात मिश्री, गुटखा, मळलेली तंबाखू. मी स्वतः अठरा वर्षे तंबाखू मळली. बांधावर सभासदाने हात पुढे केला तर नाही म्हणणे बरे दिसत नाही, अशी सबब सांगत आलो. अण्णांच्या ऑपरेशननंतर सोडली. गालात पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडात तीन बोटे उभी न जाणे, यांपैकी काहीही असेल तर तोडणी संपू द्या, मग बघू, असे करू नका. सुरुवातीला साध्या ऑपरेशनने भागते, या महागड्या इंजेक्शनांची वेळच येत नाही.

वेळ आली तर? मुंबईला परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. तिथल्या डॉक्टरांना निव्होलुमॅबचा गुण ठाऊक होता, पण पुरा डोस परवडणारा रोगी शंभरात दोन-चार. त्यांनी एक विचार केला. सुरुवातीच्या अभ्यासांत असे दिसले होते की अगदी थोड्या औषधातही टी पेशींवरचे बहुतेक ब्रेक व्यापले जातात आणि कित्येक आठवडे तसेच राहतात. मग जास्तीचे औषध कशाला? नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. टाटाच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिले. हिशेब करून बघा, अठरावा हिस्सा. जोडीला तीन स्वस्त गोळ्या. डोक्याच्या व मानेच्या भागातला कॅन्सर उलटलेल्या वा फार पसरलेल्या १५१ रोग्यांवर ही चाचणी केली. नुसत्या गोळ्या घेतलेल्यांपैकी वर्षाने १६.३ टक्के जिवंत होते. गोळ्यांबरोबर ही लहान मात्रा घेतलेल्यांपैकी ४३.४ टक्के. २०२३ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. पूर्ण बरे होण्याचे हे आकडे नाहीत, हे नीट लक्षात घ्यावे. निम्म्याहून अधिक माणसे वर्षाच्या आत गेलीच. पण ज्यांच्या हाती काही नव्हते त्यांच्या हाती काही तरी आले, आणि ते आपल्याच मुंबईत शोधले गेले.

अण्णांना तेच चालू आहे. मी हा हिशेब त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "साहेब, उसाला एकरी चार पोती युरिया टाकणारी माणसं आपण. एवढ्याशा औषधानं काय हलतंय?"

मी म्हटले, "अण्णा, जास्त युरियाने ऊस लोळतो आणि खोडकीड वाढते, हे तुम्हीच मला शिकवलंत ना?"

हसायला गेले, पण तोंड पुरते उघडत नाही त्यांचे.

गेल्या मंगळवारी त्यांचे सातवे इंजेक्शन झाले. गालाची गाठ पहिल्या दोन महिन्यांत होती तशीच होती, आता डॉक्टर म्हणतात थोडी बसली आहे. पुढची तपासणी पुढच्या महिन्यात, तोवर कोणी काही बोलायला तयार नाही, अण्णाही नाहीत. सकाळी पेज आणि दूध घेऊन ते गट ऑफिसात येऊन बसतात. नोंदवहीतले आडसालीचे आकडे नव्या पोराने चुकीच्या रकान्यात भरले म्हणून काल त्यांनी खाणाखुणांनीच त्याची हजेरी घेतली.